सनई की क्लॅरिनेट? फुंकवाद्यं कानानं ओळखायची कशी

लग्नसराईत साताऱ्याच्या राजपथावरून किंवा सांगलीच्या गणपती पेठेतून वरात निघाली, की चार घरं पलीकडे बसलेला माणूस सहज म्हणतो, "सनई वाजतीय." बरेचदा ती सनई नसतेच. बँडमधला क्लॅरिनेट असतो, नाहीतर टेंपोत ठेवलेल्या कीबोर्डातली सनई. चूक सांगणाऱ्याच्या कानाची नसते. तो ऐकतो आवाजाचा रंग, म्हणजे गोड, नाकातला, कर्कश, भरदार असं काहीतरी, आणि वाटेत सगळ्यात आधी बिघडतो तो रंगच. भोंगा खर्ज खाऊन टाकतो, गल्लीतल्या भिंती आवाज घुमवतात, लांबून येणाऱ्या सुराची धार बोथट होते. भोंग्यातून आलेली बासरीसुद्धा थोडी सनईसारखीच वाटते.

म्हणून रंगाच्या मागे लागू नका, जोड ऐका. सूर सुरू होतो ती जागा, एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याची जागा, आवाज खालून वर उडी घेतो ती जागा आणि सूर संपतो ती जागा. भोंगा कितीही वाईट असला तरी हे जोड सहसा पुसले जात नाहीत. खाली आधी एक घरगुती प्रयोग आहे, मग एकेक जोड, आणि शेवटी नेहमी फसवणाऱ्या जोड्या.

आधी नळी फुंकून बघा

हा प्रयोग टाळू नका. दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढचं सगळं यावर उभं आहे.

वायरिंगला वापरतात तो २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या. चालू बांधकामावर पडलेला तुकडाही चालेल. ३० सेंटिमीटर कापा आणि तोंडाची कड पॉलिशपेपरनं घासून घ्या, नाहीतर ओठ कापेल. नळीची कड खालच्या ओठाला टेकवा आणि रिकामी बाटली वाजवतो तशी आडवी फुंक मारा. खालचं टोक तळहातानं घट्ट दाबलेलं असू द्या. भुंऽऽ असा जाड, पोकळ सूर येईल. तो साधारण २७० ते २८० हर्ट्झचा, म्हणजे मधल्या सप्तकातल्या काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या सुराच्या) आसपास असतो. त्याला सा माना आणि गुणगुणून डोक्यात पक्का करा.

आता ओठ जरा आवळा आणि फुंक बारीक पण जोरात सोडा. सूर टुणकन वर जाईल. कुठं गेला ते गाऊन बघा. वरच्या सा वर तो थांबत नाही, तो जातो थेट तार सप्तकातल्या प वर.

मग तळहात काढा. खालचं टोक मोकळं झालं की त्याच नळीचा मूळ सूर जवळजवळ एक सप्तक वर जातो. मोकळी नळी वाजवायला जड असते. पहिल्या दोन मिनिटांत नुसती हवाच येते आणि लोक सोडून देतात. फुंकेचा कोन थोडा खाली-वर करत राहा, एका जागी सूर धरतो. धरला की पुन्हा जोर लावा. या वेळी उडी सा वरून वरच्या सा वर, सरळ एक सप्तक.

टोक बंद असलेली सरळ नळी म्हणजे क्लॅरिनेट. तिथं तळहाताचं काम तोंडातली पत्ती, म्हणजे फुंकेनं थरथरणारी पातळ चीप, करते. दोन्हीकडून मोकळी नळी म्हणजे बासरी. सनई आणि सॅक्सोफोन पत्तीचे असूनही त्यांची नळी तोंडाशी निमुळती आणि खाली रुंद होत जाणारी, शंकूसारखी असते. असा शंकू पत्तीनं बंद असला तरी मोकळ्या नळीसारखा वागतो आणि उडी सप्तकाचीच घेतो. म्हणजे गंमत अशी, की सनईसारखा दिसणारा काळा क्लॅरिनेट उडीच्या बाबतीत सनईचा कोणी लागत नाही, आणि पितळी, वाकडा सॅक्सोफोन तिचा सख्खा नातेवाईक निघतो. सॅक्सोफोन धातूचा असून लाकडी फुंकवाद्यांत मोजतात तो पत्तीमुळे. आदोल्फ सॅक्स यांनी पॅरिसमध्ये १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तो असाच दोन घरचा पाहुणा आहे.

पत्तीचा स्वभाव कळायला ज्यूसची स्ट्रॉ घ्या. एक टोक दोनेक सेंटिमीटर चपटं करा, दोन्ही कोपरे तिरके कापा आणि कापलेला भाग पूर्ण तोंडात घालून फुंका. वाजली नाही तर तीन कारणं असतात: टोक पुरेसं चपटं नाही (नखानं पुन्हा दाबा), दोन कोपरे सारखे कापले गेले नाहीत, किंवा ओठ पत्तीच्या अगदी टोकावर आवळले गेलेत. गाजराच्या पुंगीसारखी ही मोडून खाता येत नाही, एवढाच काय तो तोटा. वाजली की एक गोष्ट ध्यानात येईल. हळू फुंकलं की काहीच नाही, आणि एका ठरावीक दाबाला एकदम पँऽ. मधलं काही नाही. दोन पात्यांच्या पत्तीची ही खोड सनईत, पिपाणीत, सुंद्री नावाच्या आखूड सनईत सगळीकडे सापडते.

पहिला जोड: सूर सुरू होतो तिथं

बासरीच्या सुराआधी हवा येते. "फ्" किंवा "ह्" असा फुसकारा, मग सूर. चांगल्या वादकाकडे तो अगदी बारीक असतो, पण असतो.

क्लॅरिनेट शून्यातून उगवू शकतो. सूर कधी सुरू झाला ते कळू नये इतका हळू तो येतो आणि तसाच विरून जातो. फुंकवाद्यांत इतकं हळू वाजणं त्याच्याइतकं कोणाला जमत नाही. जिभेनं पत्ती अडवून सोडली तर मऊ "तु" ऐकू येतो.

सनई एकदम पकडते. सुरुवातीला कड असते, कधी खालून ओढत घेतलेला छोटा कण असतो. कसलेला वादक सनईही हळुवार वाजवतो, पण सूर संपताना नीट ऐका. सनई थांबते, क्लॅरिनेट विझतो.

सुरुवात किती महत्त्वाची आहे हे बघायचं असेल तर फोनवरच्या कुठल्याही ऑडिओ कापायच्या ॲपमध्ये एक लांब सूर घ्या, त्याचा पहिला पाव सेकंद कापून टाका आणि घरातल्या कोणाला तरी ऐकवा. एरवी पटकन ओळखणारा माणूस अडखळेल.

इथं एक चूक हमखास होते. बारकाईनं ऐकायचं म्हणून लोक गती निम्म्यावर आणतात. पाऊणपर्यंत ठीक आहे, त्याच्या खाली गेलं की सुरुवातीचा भाग ॲपच ताणून पुसट करतं आणि सगळी वाद्यं सारखी वाटायला लागतात. गती कमी करायचीच असेल तर ती उडी शोधायला करा, सुरुवात ऐकायला नको.

दुसरा जोड: उडी, आणि उडीच्या अलीकडची पडकी जागा

प्रत्यक्ष वाजवण्यात कोणी तुमच्यासाठी सा वरून तार प वर उडी मारून दाखवत नाही. त्यामुळे उडीची खूण दुसरीकडे शोधावी लागते.

क्लॅरिनेटमध्ये खालची पट्टी, म्हणजे खालच्या सुरांचा टप्पा, संपते आणि वरची सुरू होते, त्याच्या अलीकडे तीन-चार सूर पातळ असतात. तिथं जवळजवळ सगळी भोकं उघडी असतात, नळीचा अगदी थोडा भाग वाजत असतो, म्हणून आवाज बुजरा येतो. पुढच्याच सुराला सगळी बोटं बंद आणि पूर्ण नळी वाजते. बँडमध्ये असतो तो क्लॅरिनेट काळी पाचचा. त्याचा सा काळी पाच धरून सरळ सप्तक वाजवलं तर प, ध आणि कोमल नि हे सूर घशात अडकल्यासारखे येतात, आणि शुद्ध नि लागताच आवाज एकदम भरतो. चढत्या ओळीत आवाज मधेच बारीक होऊन पुन्हा जाड झाला, तर डोळे झाकून क्लॅरिनेट म्हणा. सनईत अशी पडकी जागा नसते. ती वर जाईल तशी टोकदार होत जाते.

बासरीचा जोड वेगळ्या ठिकाणी असतो. तीन भोकं बंद हा सा धरला तर तीव्र म ला सहाही भोकं उघडी असतात आणि लगेच पुढच्या प ला सहाही बंद. सहा बोटं एकाच क्षणी पडायला हवीत, त्यामुळे म वरून प वर घसरत जाणं अवघड होऊन बसतं. बासरीवादक पन्नालाल घोष यांनी लांब बासरीला सातवं भोक पाडलं ते याच भागातल्या अडचणीवर तोड म्हणून. ऐकताना म आणि प यांच्यामध्ये बारीकसा तुटलेपणा किंवा चोरून घेतलेला श्वास जाणवला, की तिथं बासरी आहे.

क्लॅरिनेटची आणखी एक खूण म्हणजे खोली. तो जेमतेम ६६ सेंटिमीटरचा, पण खाली १४७ हर्ट्झपर्यंत म्हणजे खर्जातल्या पांढरी दोनपर्यंत उतरतो. एवढ्याच लांबीची पाश्चात्त्य बासरी त्याच्या जवळजवळ एक सप्तक वरच थांबते. नळीच्या प्रयोगात तळहात लावल्यावर जे झालं तेच हे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्याच्या, म्हणजे तारेची झणझण जुळवून देणाऱ्या कारागिराच्या, शेजारी बसलेल्याला हा फरक सांगायला शब्द शोधावे लागणार नाहीत. क्लॅरिनेटची खालची पट्टी बंद जवारीच्या तंबोऱ्यासारखी, गोल आणि पोकळ. सनई खुल्या जवारीची, आतून झणझण सांडणारी.

तिसरा जोड: एका सुरावरून दुसऱ्यावर

सनईला आणि बासरीला भोकं उघडी असतात, बोट अर्धं सरकवता येतं. त्यामुळे मींड सलग येते, रे वरून ग वर जाताना मधलं सगळं अंतर ऐकू येतं. सनईत त्याला ओठांच्या दाबाची जोड मिळते, म्हणून तिची मींड जास्त ताणलेली, गाणाऱ्याच्या गळ्यासारखी वाटते. क्लॅरिनेटला किल्ल्या असतात आणि काही भोकांवर गाद्या. वरच्या पट्टीत चांगला वादक ओठांनी घसरतो, पण खालच्या पट्टीत पायऱ्या ऐकू येतात. सॅक्सोफोनला तर सगळीकडे गाद्याच. तिथं घसरण ओठांवर चालते आणि शेवटच्या सुरावर लहरणारा कंप येतो. तो कंप बरेचदा सॅक्सोफोनची सही असते.

फसवणाऱ्या जोड्या

सनई आणि बँडमधला क्लॅरिनेट. सगळ्यात जास्त गोंधळ इथं. कारण साधं आहे. रस्त्यावर ढोल, ताशा आणि ट्रम्पेटच्या गर्दीत क्लॅरिनेटची खालची पोकळ पट्टी पोचतच नाही, म्हणून बँडवाला सगळं गाणं वरच्या पट्टीत घेतो, आणि तिथं तो सनईच्या जवळ येतो. अशा वेळी चाल खाली कुठं येते तिकडे कान ठेवा. चाल खाली उतरते तेव्हा क्लॅरिनेटला पडकी जागा ओलांडावीच लागते. शिवाय सोबत बघा. सनईच्या मागे दुसरी सनई नुसता सूर धरून असते, न थांबता, एकाच सा वर. तो अखंड सूर भोंग्यातूनही ऐकू येतो. हलगी, घुमकं, कैताळ या तालवाद्यांच्या जोडीला जे फुंकवाद्य ऐकू येतं ते क्लॅरिनेट असण्याची शक्यता कमीच. पण सोबतीवर शेवटचा निकाल देऊ नका, हल्ली कशासोबत काहीही वाजतं.

क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन. दोघांनाही एकाच पात्याची पत्ती. खालचा सूर पोकळ असेल तर क्लॅरिनेट, जाड आणि किंचित घोगरा असेल तर सॅक्सोफोन. सॅक्सोफोनला अगदी खालचे सूर हळू वाजवणं जड जातं, ते भक् करून बाहेर पडतात. आणि सॅक्सोफोन दोन्ही सप्तकांत जवळपास त्याच बोटांनी वाजतो, त्यामुळे खाली घेतलेली मुरकी, म्हणजे सुरांची झटपट गिरकी, वर जशीच्या तशी येते. क्लॅरिनेटची बोटं वर गेल्यावर बदलतात, मुरकीही बदलते.

सनई आणि सुंद्री. सुंद्री म्हणजे सनईची धाकटी बहीण, सोलापूर-अक्कलकोटकडची. लांबीला आखूड, सूर उंच, मुरक्या चटपटीत. लहान सनई आणि सुंद्री नुसत्या कानानं वेगळी काढणं नवख्याला जमत नाही. तो हट्ट पहिल्या महिन्यात धरू नका.

सनई आणि नादस्वरम. नादस्वरम सनईच्या जवळपास दुप्पट लांब, मोकळ्या अंगणासाठी घडवलेला, आवाज जाड आणि दांडगा. सूर हलवण्याची पद्धत दक्षिणेची, एकेक सूर झोक्यासारखा डोलवतात. मागे तविल या दक्षिणी ढोलाचा कोरडा कडकडाट असेल तर शंका राहत नाही. कार्यालयात अक्षतांच्या वेळी लावलेली 'सनईची' ध्वनिफीत कधी कधी नादस्वरमची निघते.

बासरी आणि क्लॅरिनेटचा हळू खालचा सूर. फोनच्या स्पीकरवर इथं फसगत ठरलेली, कारण तो स्पीकर खालचा भाग देतच नाही. इयरफोन लावा, मग फुसकारा शोधा.

पुंगी. नाग म्हटलं की आपल्या कानात जो सूर उभा राहतो तो पुंगीचा नाहीच. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली ती 'बीन' कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर आणि रवी यांनी पेटीवर वाजवली होती. वरातीत नागीण डान्सला क्लॅरिनेटवाला त्याचीच नक्कल करतो, म्हणजे नकलेची नक्कल. खऱ्या पुंगीत दोन नळ्या असतात, एकीवर चाल आणि दुसरीवर अखंड धरलेला सूर. आवाज श्वासासाठीसुद्धा थांबत नाही.

पिपाणी, तुतारी आणि निवडणूक

पिपाणी हा शब्द आपल्याकडे सैल आहे. लहान सनईलाही पिपाणी, जत्रेतल्या फुग्याच्या नळीलाही पिपाणी, पपईच्या देठाचीही पिपाणी. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात हा सैलपणा महागात गेला. एका पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, तर एका अपक्षाचं चिन्ह ट्रम्पेट, ज्याचं मराठी भाषांतरही तुतारीच छापलेलं आणि लोकांच्या तोंडी पिपाणी. निकालातला फरक सुमारे ३२ हजारांचा आणि पिपाणीला मतं सुमारे ३७ हजार. पुढे त्यावर बरीच चर्चा झाली.

चित्रात घोटाळा होऊ शकतो, कानाला तिन्ही वेगळी आहेत. तुतारीला पत्ती नाही, भोकं नाहीत, ओठच थरथरतात. त्यामुळे तिच्यात सरळ सप्तक वाजत नाही. सा, प, वरचा सा अशा उड्याच निघतात. ट्रम्पेटही ओठांचाच, पण तीन दट्ट्यांमुळे त्यात सगळे सूर येतात. आणि पिपाणी पत्तीची, नाकात बोलणारी. पहिली दोन्ही या लेखाच्या घराण्यातली नाहीतच.

कीबोर्डातली सनई

ही ओळखायला सगळ्यात सोपी, तरी सगळ्यात जास्त चकवणारी, कारण आपण तिच्यावर संशयच घेत नाही. एकच सूर लागोपाठ तीन-चारदा येईल अशी ओळ पकडा. कीबोर्डात प्रत्येक वेळी सुरुवात तंतोतंत तीच असते. खऱ्या सनईत दोन सुरुवाती कधी सारख्या नसतात. कंपही कीबोर्डात प्रत्येक सुरावर ठरलेल्या वेळानं, ठरलेल्या गतीनं सुरू होतो. मींड आली तर ती एका हाताच्या चक्रानं ओढलेली, सगळ्या ठिकाणी सारख्याच मापाची. फक्त श्वास ऐकू आला नाही म्हणून कीबोर्ड ठरवू नका. सनईवाले गालात हवा साठवून नाकानं श्वास घेतात आणि सूर मिनिटभरसुद्धा तुटू देत नाहीत.

सराव कसा करायचा

रोज पंधरा मिनिटं, इयरफोन लावून. पहिला आठवडा फक्त बासरी आणि क्लॅरिनेट, कारण ही जोडी सगळ्यात लांबची. दुसरा आठवडा क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन. तिसऱ्यात सनई आणा आणि क्लॅरिनेटच्या वरच्या पट्टीशी ताडून बघा. प्रत्येक आठवड्यात घरातल्या कोणाला तरी वीस-वीस सेकंदांचे दहा तुकडे उलटसुलट लावायला सांगा, स्क्रीन तुमच्याकडे नको. उत्तर देताना वाद्याचं नाव शेवटी सांगा. आधी सांगा सुरुवात कशी होती, पडकी जागा आली का, मींड सलग होती की पायऱ्यांची, शेवट थांबला की विझला. नाव बरोबर आणि कारण चुकीचं असेल तर ते उत्तर चूक धरा. पुढच्या भोंग्याला ते टिकणार नाही.

सूर धरायला तंबोऱ्याचं ॲप लावता येईल, पण तुकडा वाजताना ते बंद ठेवा. खाली सतत वाजणारा सा सनईच्या सूर धरणाऱ्या जोडीदारासारखा भासतो आणि अर्धी खूण उगाच मिळून जाते.

चौथ्या आठवड्यात बाहेर पडा. वरात जवळून ऐका, मग शंभर पावलं मागे जा, मग एक गल्ली सोडून उभे राहा. प्रत्येक ठिकाणी कोणती खूण टिकली आणि कोणती गेली ते लिहून ठेवा. सगळ्यात आधी बासरीचा फुसकारा जातो, मग क्लॅरिनेटचा खर्ज. गल्लीच्या पलीकडे हातात उरते ती पडकी जागा आणि मागचा धरलेला सूर. तिथून बरोबर नाव सांगता आलं की मग सुंद्रीच्या वाटेला जायला हरकत नाही.